झोपलेलं तोंड

मला सापाची किळस आहे. भीती नाही, किळस. दोन्हींत फरक आहे. भ्यालेला माणूस पळून जातो आणि मोकळा होतो. किळस आलेल्याला ती सोय नसते, नाक मुरडत का होईना त्याला तिथंच उभं राहावं लागतं. चौतीस वर्षं मी नर्सची नोकरी केली. पडून पडून सडलेल्या पाठी पुसल्या, जखमेतल्या अळ्या चिमट्यानं वेचल्या आणि ड्यूटी संपल्यावर घरी येऊन मेथीची भाजी चवीनं खाल्ली. माणसाच्या घाणीचं मला काही वाटत नाही. पण साप म्हटलं की नको. पेपरात सापाचा फोटो आला तर मी त्याच्यावर चहाचा कप ठेवून बाकीचं वाचते.

असल्या बाईच्या न्हाणीघरात गेल्या वर्षी अडीच महिने साप होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसलं. फक्त इथं धाडणारा व्याही नव्हता, माझा सख्खा भाऊ होता.

माझं माहेर पैठण रोडला, चितेगावच्या पुढं फाट्यावरून आत. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई शेतात, म्हणून त्याला कडेवर वागवलं मी, त्याचं शेंबूड-शी काढलं मी. आता तो चांगला पन्नाशीचा आहे. जमीन आहे, शिवाय तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. मशीनवरून उतरलेला माल मोजायचं काम. केसाइतका फरक असला तरी तुकडा बाजूला फेकतो, असं स्वतःच छाती फुगवून सांगतो. त्या माणसानं घरात मांडूळ आणून ठेवलं.

मांडूळ म्हणजे ते मातीत राहणारं, तपकिरी, जाडसर. विष नाही, फणा नाही, कुणाच्या वाटेला जाणं नाही. दोष एवढाच की त्याची शेपटी तोंडासारखीच बोथट. त्यामुळं आमच्याकडं लोक त्याला दुतोंड्या म्हणतात आणि सांगतात, की ते सहा महिने या तोंडानं चालतं नि सहा महिने त्या तोंडानं. घरात असलं की बरकत येते म्हणे. ठेवणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत. म्हणून तर कोठीच्या खोलीत, अंधारात, बाजरीनं अर्ध्या भरलेल्या रांजणात ठेवायचं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तो पंचमीचाच दिवस होता. नागपंचमीला आम्ही बायका माहेरी जातो. आदल्या दिवशी, चतुर्थीला, भावाच्या नावानं उपास धरायचा. नाग हा बाईचा भाऊ, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला दूध-लाह्या. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमिनीत कुदळ घालायची नाही. का, तर कुठं नागाला लागेल. एवढी माया! आणि त्या मायेच्याच दिवशी भाऊ मला कोठीत घेऊन गेला, रांजणावरची परात बाजूला केली आणि म्हणाला, “आक्का, पाया पड. लक्ष्मी आहे.”

आत कपड्याच्या पिळासारखं काहीतरी पडलेलं होतं. मी श्वास रोखला. भावानं टॉर्च धरला आणि समजावून सांगितलं: हे तोंड जागं आहे, याला दर शुक्रवारी दूध. ते तोंड झोपलंय, त्याची पाळी पुढच्या सहा महिन्यांनी. तोवर ते उघडू नये म्हणून त्याला हळद-कुंकू तेलात कालवून लावायचं. विकणाऱ्यानं असं सांगितलं होतं.

“लाव तू. घरची लेक आहेस, तुझ्या हातानं बरं,” तो म्हणाला.

मी लावलं. हे सांगताना आज माझी मलाच शी वाटते, पण लावलं. तोंड फिरवून, नाक दाबून, बोट कुठं टेकतंय हे न बघता तो लेप फासला, हात तीन वेळा साबणानं धुतला आणि बाहेर येऊन पुरणाचे दिंड खाल्ले. एक शब्द बोलले नाही. सणावाराचं कशाला तोंड उघडा, त्याच्या घरचं तो बघेल. आपला तो बाब्या.

वर्ष गेलं. पुढच्या पंचमीला, म्हणजे गेल्या वर्षीच्या, ओसरीत पाय ठेवला तेव्हाच वास आला. आंबलेलं दूध, कुजलेलं धान्य आणि त्याखाली आणखी एक वास, जो मी वॉर्डात पुष्कळ वेळा घेतलेला होता. भावजय दारातच माझा हात धरून हळूच म्हणाली, “आक्का, तेवढं बघा ना. तीन आठवडे झाले, हलत नाय ते. मला जेवण जाईना.”

परात उचलली आणि मी उलटी आवरली. शुक्रवारचं दूध वर्षभर त्या बाजरीत मुरलं होतं. बाजरीचा काळा-हिरवा गोळा झाला होता, त्याला बुरशीची लव आणि आत अळ्या वळवळत होत्या. त्यात ते मांडूळ. अंगावरची जुनी कात जागोजागी सुकून चिकटलेली. एका टोकाला लाल-काळ्या खपलीचं बोंडूक, टाचेएवढं जाड. दुसऱ्या टोकाला दुधाची पिवळी साय. मी काठीनं हलवलं. बऱ्याच वेळानं मधला भाग जरासा आखडला.

“जिवंत आहे,” मी म्हणाले. “मी घेऊन चालले.”

मला वाटलं भाऊ भांडेल. तो भांडला नाही. विचारात पडला आणि म्हणाला, “बरोबर आहे. घरात मेली तर लई पाप लागंल. तू ने. बरी झाली की आणून दे मात्र.”

हात तुझ्या! म्हणजे मरायला माझ्याकडं आणि बरकतीला याच्याकडं. पण सणाच्या दिवशी शिवी तोंडातून काढायची नाही म्हणून मी दात आवळले. उशीच्या अभ्र्यात ते भरलं, अभ्रा पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि बसनं शहरात आले. शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा पदर नाकाला लावला आणि तिसऱ्यांदा उठून पुढं गेली.

आमच्या पुढच्या गल्लीत जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण धाक मेट्रनसारखा. त्यांनी अभ्रा उघडला, बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर “कुठं सापडलं?”

“शेतात,” मी म्हणाले.

त्यांनी चिमट्यानं त्या लाल बोंडकावर टकटक केलं. “शेतात याला कुंकू कुणी लावलं?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मी भिंतीवरच्या कुत्र्यांच्या लसींच्या तक्त्याकडं. मग त्यांनी वनखात्यात फोन केला, एक माणूस आला, त्यानं कागद केला. सापडल्याचं ठिकाण: शेत. भावाचं नाव कुठं आलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, “दिवसातून दोनदा ड्रेसिंग लागणार. माझ्याकडं रात्रीचं माणूस नाही. तुम्ही नर्स ना? हे साहेब कागद करून देतील. बरं होईपर्यंत तुमच्या घरी, माझ्या देखरेखीत.”

“मला सापाची किळस आहे हो,” मी म्हणाले.

“मलाही खोटं बोलणाऱ्यांची आहे,” त्या म्हणाल्या. “पण करतेच ना मी काम.”

असं ते माझ्या न्हाणीत आलं. मी एकटी राहते. दोन खोल्या, एक न्हाणी, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मांडुळाला रोज सकाळी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायचं होतं. मी अंघोळीला अर्धी बादली वापरायची आणि त्याला भरलेला टब! शिवाय पाणी नंतर कशालाही वापरता येईना. पहिल्या दिवशी त्या टबात जे तरंगून वर आलं ते सांगत नाही. बरं, सांगते. आंबलेल्या दुधाचे कवडे, बाजरीची सालं, कातीचे तुकडे, आणि खवल्यांच्या फटींतून सुटलेले उवांएवढे काळे किडे, शेकड्यांनी. ते टबाच्या कडेनं वर चढायला लागले. मी दोन्ही हातांत दोन-दोन ग्लोव्ह्ज घातले होते, तरी कोपरापर्यंत काहीतरी चालतंय असं दिवसभर वाटत राहिलं. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी आमटी केली आणि वरची फोडणी बघून पातेलं तसंच उचलून झाकून ठेवलं.

मांडुळाचं वजन भरलं दोनशे चाळीस ग्रॅम. एवढ्या लांबीचं याच्या दुप्पट तरी पाहिजे, बाई म्हणाल्या. दोनशेच्या खाली गेलं की आशा सोडायची. मी स्वयंपाकघरातला काटा त्याच्यासाठी काढून दिला आणि दारामागं कॅलेंडरवर रोज आकडा लिहायला लागले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं लिहायचे तसंच.

सगळ्यात घाण काम त्या बोंडकाचं. दोन-तीन दिवस तेलानं भिजवून, मग कोमट पाण्याच्या बोळ्यानं थर थर सोडवायचे. लाल थर, मग पिवळट, मग पुन्हा लाल. मध्ये पू. चौथ्या दिवशी एक मोठा पापुद्रा निघाला आणि त्याखाली दिसलं काय, तर तोंड. खरं तोंड. ओठांच्या कडा सडून पांढऱ्या झालेल्या, आत दह्यासारखा घट्ट पू, नाकपुड्या कुंकवानं बुजलेल्या, डोळ्यांवर जुन्या कातीचे दोन-तीन पडदे. बाईंनी मग दुसरं टोक भिंगाखाली धरलं. ज्याला वर्षभर शुक्रवारचं दूध पाजलं होतं ते. ती शेपटी होती. विकणाऱ्यानं तापल्या सुईनं तिच्यावर दोन डोळे डागले होते आणि आडवी चीर देऊन तोंड केलं होतं.

“म्हणजे हे शेपटीला दूध पाजत होते,” बाई म्हणाल्या, “आणि तोंड शिवून ठेवल्यासारखं बंद. तसं दूध साप पीतच नाही म्हणा. पण हे किती दिवस चाललं असेल?”

मी गणित करत होते. विकत आणल्यावर पहिले सहा महिने चुकून तोंडाशी दूध. मग पंचमीलाच पाळी बदलली, आणि त्या तोंडावरचा पहिला लेप मी लावलेला. पुढं सहा महिन्यांनी पाळी पुन्हा बदलायची होती, पण म्हैस चांगलं दूध देत होती, धाकटीचं लग्न जमलं होतं, म्हणून भाऊ म्हणाला, चाललंय ते चालू द्या, लक्ष्मीला हलवू नका. हे भावजयीनं मला सांगितलं होतं. म्हणजे त्या लेपाच्या थरांत सगळ्यात आतला, ओठाला चिकटलेला, तो माझा होता. माझ्याच बोटाचा. ज्या बाईनं हजार बाळांच्या नाकातला शेंबूड काढून त्यांना श्वास घ्यायला लावला, तिनं नाक दाबून, न बघता, एका जिवाचं तोंड बुजवलं आणि दिंड खाल्ले.

हे मी बाईंना सांगितलं नाही. बोळा पेटीत टाकला, नवा घेतला आणि काम पुढं चालू ठेवलं.

त्यानंतर मला सापाची किळस कमी आली असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं. तितकीच येत होती. थंड, सैल, हाताला वेटोळं घालायचं तर अंगात बळ नाही म्हणून नुसतं लोंबणारं ते अंग, शी! पण दुसरी एक किळस आता तिच्याहून मोठी झाली होती आणि ती ग्लोव्ह्ज घालून भागत नव्हती. भावाचा रोज फोन यायचा. “कशी आहे लक्ष्मी?” मी फोन कानापासून लांब धरायचे.

महिना गेला. तोंड भरत आलं, किडे संपले, कात भिजवून भिजवून एकदाची सुटली, डोळे उघडे झाले. पण खाईना. बाळांना घालतो तसल्या नळीनं बाई औषध-पाणी द्यायच्या ते तेवढं आत राहायचं. बाईंनी नुकती जन्मलेली उंदराची पिल्लं आणून दिली, मेलेली, बर्फात गोठवलेली. गुलाबी, बिनकेसांची, मिटल्या डोळ्यांची. ती माझ्या फ्रिजमध्ये! पेढ्याच्या डब्यात घालून मटारच्या मागं लपवली. दर चार दिवसांनी एक काढायचं, कोमट पाण्यात सोडायचं, चिमट्यानं त्याच्या तोंडापुढं हलवायचं. ते तोंड फिरवून घ्यायचं. मग ते पिल्लू कागदात गुंडाळून टाकून द्यायचं. दोनशे पंचवीस. दोनशे अठरा. दोनशे नऊ.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“त्याला जगायचंय का, ते त्यालाच ठरवू द्या,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आलेला मी ऐकला.

त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. मांडूळ टबात, खाली पांढरा टॉवेल, स्वच्छ, दवाखान्यातल्या खाटेसारखा. ते टॉवेलच्या घडीत तोंड खुपसत होतं, मागं घेत होतं, पुन्हा खुपसत होतं. मी म्हातारे पेशंट असे पाहिले आहेत. वॉर्डात गादीवर झोप येत नाही म्हणून खाली फरशीवर जाऊन निजणारे. अगं बाई, मी मनात म्हटलं, याला माती कुणी दिलीय? जन्म मातीतला, आणि आधी बाजरी, मग टॉवेल. आमच्या मागं एक बांधकाम चालू आहे. तिथून दोन पाट्या भुसभुशीत माती आणली, चाळली, ऊन दाखवलं आणि टबात भरली. मांडूळ सोडलं. त्यानं नाकानं एकदा माती उकरली आणि बघता बघता सगळंच्या सगळं आत गेलं. वर फक्त टब आणि माती. मला फार बरं वाटलं, एक तर ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मातीवर पिल्लू ठेवलं आणि स्वयंपाकाला गेले. कणीक मळून परत आले तर पिल्लू नव्हतं. मला वाटलं पाल घेऊन गेली. मग माती जरा हलली, आणि मातीतून एक तपकिरी तोंड वर आलेलं, त्यातून एक गुलाबी पाय बाहेर. तो पाय हळूहळू आत जात होता. आयुष्यात मी इतकं घाण दृश्य पाहिलेलं नाही, आणि मी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी त्यानं शी केली. ती मी डबीत घालून डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेली. वाटेत कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं देव जाणे.

आकडे वर चढायला लागले. दोनशे साठ, दोनशे ऐंशी. आणि एका रविवारी सकाळी भाऊ दारात उभा. हातात नारळ, खणाचं कापड, पितळेची नवी कोरी घागर.

“न्यायला आलो,” तो म्हणाला. “आक्का, तिच्यामागं लई वाईट चाललंय. म्हैस आटली. बोअरला गाळ येतोय. बोलायची सोय नाय.”

“बस. पाणी घे,” मी म्हणाले.

माहेरचा माणूस, तो काय पाण्याची वाट बघतोय? गेला सरळ फ्रिजकडं, बाटली काढली, आणि मटारमागचा पेढ्याचा डबा दिसला तोही काढला. “आमच्यापासून लपवून ठेवतीस व्हय गं?” म्हणून हसत हसत झाकण उघडलं.

बाटली, डबा, सगळं खाली. मी पिल्लं गोळा करून परत डब्यात घातली आणि त्याला म्हणाले, “लक्ष्मीचा नैवेद्य आहे तो. चल, दाखवते.” न्हाणीत नेलं. मातीत हात घालून मांडूळ काढलं आणि दोन्ही हात पुढं केले. “धर.”

“नको, नको. तू घागरीत घाल.”

“तुझी लक्ष्मी आहे ना? दीड वर्ष घरात होती. धर की.”

तो भिंतीला टेकला. मी मांडूळ त्याच्या मनगटावर ठेवलं, तसा तो किंचाळला, “शी! शी! काढ, आक्का, काढ!” हात झटकायच्या आत मी ते उचलून घेतलं. तो तांब्यावर तांब्या ओतून हात धुवायला लागला. माझं आठवड्याचं पाणी! पंचमीला मीही असेच हात धुतले होते, साबण लावून, तीन वेळा. आणि मला कळलं, की या माणसानं तिला एकदाही हात लावला नव्हता. दूध पळीनं लांबून, लेप बायकोकडून नाहीतर बहिणीकडून. मी नाक धरून का होईना, रोज तोंडातला पू पुसला. यानं नुसती आरती केली.

“तोंड बघून घे,” मी म्हणाले. “हे तोंड. एकच. ही शेपटी. तुम्ही शेपटीला दूध पाजलं आणि तोंड लिंपलं. केसाचा फरक ओळखतोस ना कंपनीत? हे ओळखू आलं नाही तुला?” जबडा बोटानं उघडून आतली गुलाबी, भरत आलेली जखम दाखवली. “उपाशी मारत होतास तिला. मीही त्यात आहे. पण आता नाही देणार. ही वनखात्याची आहे, ती मोकळी सुटणार.”

तो बराच वेळ बघत राहिला. खरंच बघत होता. मला वाटलं डोक्यात प्रकाश पडला. मग म्हणाला, “माती लागते होय हिला?” आणि “तोंडाकडची बाजू जरा अरुंद असते, नाय का?”

“हो,” मी म्हणाले. जळ्ळं माझं लक्षण, मी अगदी शिकवल्यासारखं सांगितलं. “आणि डोळे बघायचे.”

नारळ आणि घागर घेऊन तो निघाला. जाताना दारात म्हणाला, “भावापेक्षा साप जवळचा झाला तुला.”

दसऱ्यानंतर वनखात्याची गाडी आली. तीनशे दहा ग्रॅम. मला बरोबर नेलं. शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याला बोरी-बाभळीची पडीक जमीन होती. मी ग्लोव्ह्ज काढून ते खाली ठेवलं. का काढले माहीत नाही. थंड लागलं, किळस आलीच. ते दोन हात पुढं गेलं, एका वारुळाच्या बुडाशी नाक घातलं आणि आत शिरलं. शेवटी शेपटी दिसली, ते दोन डागलेले डोळे माझ्याकडं बघत आत गेले. परत येताना मी गाडीत रडले आणि डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

वर्षभर भावाचा फोन नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. बाईमाणसाचं माहेर म्हणजे काय, हे ज्याचं तुटलंय त्यालाच कळतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. म्हणून यंदा श्रावणात त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, “आक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. पंचमीला ये. चतुर्थीलाच ये,” तेव्हा मी दुसऱ्या मिनिटाला पिशवी काढली.

चतुर्थीला सकाळच्या बसनं गेले. भावाचा उपास, पाणीसुद्धा प्यायले नव्हते. भावानं फाट्यावर येऊन पिशवी घेतली, माझ्या पाया पडला. घर स्वच्छ, सारवलेलं, कसलाही वास नाही. भावजय मात्र माझ्याकडं बघेना. नुसतं विचारलं, “आलात?”

“आक्का, तुला एक दाखवतो. तू खूश होशील,” भाऊ म्हणाला आणि कोठीचं दार उघडलं.

नवा रांजण होता. मातीचा, वर पातळ फडकं. आत चाळलेली, भुसभुशीत माती. त्यानं बोटानं नव्हे, काडीनं माती बाजूला केली. आत एक लहान मांडूळ, वीतभर लांब, पोर नुसतं.

“तू शिकवलं तसं सगळं केलं,” तो म्हणाला. आवाजात अशी हौस, शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखी. “माती घातली. डोळे बघून तोंड ओळखून घेतलं. आता चूक नाय. दूध बरोबर तोंडाशीच. आणि हे बघ, झोपलेलं तोंड मागचं, त्यालाच फक्त कुंकू.”

मी वाकून बघितलं. टोकाला लाल लेप होता. टॉर्चच्या उजेडात त्या लेपातून दोन टिपके चमकले. काळे, बारीक, जिवंत. ते उघडे डोळे होते. अरुंद टोक हेच होतं, आणि दुसऱ्या टोकावर सुईनं डागलेले डोळे होते. चूक पुन्हा झालीच होती.

मी अंगणात आले, लिंबाखाली उभी राहिले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हणाले, “आणखी एक आहे. आत्ता, ताबडतोब वनखात्याला पाठवा.”

“कुठं सापडलं?” त्यांनी विचारलं. आणि थांबल्या. त्यांना वाटलं असणार, मी पुन्हा तेच म्हणेन.

ओसरीवरून भाऊ बघत होता. हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या होता. उपास आहे हे विसरला होता की काय कोण जाणे.

“घरात,” मी म्हणाले. गाव सांगितलं, फाटा सांगितला, घराची खूण सांगितली.

“घर कुणाचं?”

मी भावाचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

“तुमचे कोण?”

“भाऊ,” मी म्हणाले, “सख्खा.” आणि गाडी येईपर्यंत तिथंच लिंबाखाली बसून राहिले. उपास मात्र मी मोडला नाही.